त्याच पलटणीतले बाकीचे ठीक आहेत, मग यांनाच का?

प्रश्न: माझे मिस्टर सैन्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीचा बहुतेक काळ पुढच्या ठाण्यांवर गेला. एका चकमकीत त्यांच्या शेजारचा जोडीदार गेला, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढे ते बोलत नाहीत, विषय निघाला की उठून जातात. निवृत्तीनंतरची पहिली वर्षं बरी गेली. दीड वर्षापूर्वी सासरे वारले आणि तेव्हापासून सगळं बिघडलं. रात्री ओरडत उठतात. एकदा मी खांद्याला हलवून जागं करायला गेले, तर माझं मनगट असं पिरगळलं की आठ दिवस सूज होती. भानावर आल्यावर स्वतःच रडले. आता वेगळ्या खोलीत झोपतात. दारू वाढली आहे. मुलाने दार जोरात लावलं तरी त्याच्या अंगावर धावून जातात.

खूप मागे लागून एकदा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लढाईबद्दल विचारलं, यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं, झोपेच्या गोळ्या मिळाल्या, संपलं. आता परत यायला तयार नाहीत. म्हणतात, "ज्याचा पाय गेला तो हसतखेळत आहे, मला काय धाड भरली आहे?" सासूबाई म्हणतात, तो लहानपणापासूनच असा, दचकणारा. डॉक्टरांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत आहे. सासरे यांना लहानपणी पट्ट्याने मारायचे, कोंडून ठेवायचे. हे अकरा वर्षांचे असताना धाकटा भाऊ यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडाला आणि त्याचं खापर यांच्यावर फुटलं. अठरा पूर्ण होताच भरती झाले. हे सगळं नणंदेने सांगितलं, यांनी कधीच नाही. एवढं जुनं आता उकरून काढायचं का? डॉक्टरांना मी सांगू का? आणि हा आजार लढाईचा आहे की घरचा?

उत्तर: ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

लढाईचा की घरचा, असा निवाडा करायची गरजच नाही. पत्र वाचून निदान होत नसतं आणि मी ते करणारही नाही. पण स्वप्नं, आवाजाने भडकणं, विषय निघाला की उठून जाणं, हे सगळं पाहता पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराची, नीट तपासणी व्हायलाच हवी. आणि ती तपासणी फक्त लढाईपुरती ठेवून चालणार नाही. डॉक्टरांनी लढाईपासून सुरुवात केली, यात चूक नाही. तिथेच थांबले, हे मात्र कमी पडलं. भरतीच्या रांगेत उभा राहिलेला अठरा वर्षांचा मुलगा कोरा नसतो. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तर तोपर्यंत दोन मोठे आघात होऊन गेले होते, आणि त्यातला एक वर्षानुवर्षं रोज चालू होता.

"यांनाच का?" हा प्रश्न सैनिकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आहे. पहिल्या महायुद्धात तो फार क्रूरपणे विचारला गेला. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'शेल शॉक'चे, म्हणजे लढाईच्या धक्क्याने आजारी पडलेले, रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले, तरी पळपुटेपणा आणि भित्रेपणा यांसारख्या आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ३०६ जणांना गोळ्या घातल्या. त्यात असे आजारी सैनिकही होते असं आज मानलं जातं. त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. पीटीएसडी हे अधिकृत निदान म्हणून १९८० मध्ये आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी लावून धरलं तेव्हा. तेव्हा मिस्टर स्वतःला जे ऐकवतात, ते त्यांनी स्वतः शोधून काढलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तोच आरोप ते आता स्वतःवर करत आहेत.

आता आकड्यांचं बघू. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची १९८०च्या दशकात मोठी पाहणी झाली. लढाईच्या प्रदेशात राहिलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झाला होता, आणि पाहणीच्या वेळी, म्हणजे युद्ध संपून दशक उलटल्यावरही, सुमारे १५ टक्के जणांना तो होता. म्हणजे बहुसंख्यांना झाला नाही. तुमच्या मिस्टरांना पलटणीतले बाकीचे ठीक दिसतात ते उगाच नाही. पण ज्यांना झाला तेही काही मूठभर नव्हते.

मग कुणाला होतो? लढाई किती आणि कशी पाहिली याचा वाटा मोठा असतो, यात शंका नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डग्लस ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनामच्याच सैनिकांचं बालपण विचारलं. पीटीएसडी असलेल्यांपैकी २६ टक्के जणांनी लहानपणी मारहाण, छळ सोसला होता. पीटीएसडी नसलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. कुणी किती लढाई पाहिली हा फरक हिशेबात घेऊनही ही तफावत राहिली. अभ्यास लहान होता, पण पुढे अनेकांना याच दिशेचं आढळत गेलं: आघात एकमेकांना खोडत नाहीत, ते साचत जातात. आणि "लहानपणी एवढं सोसलंय, हा आता कशाने मोडणार नाही" हा आपला आवडता समज बहुतेकदा उलटा ठरतो.

असं का होतं ते समजून घ्या, कारण घरात रोज उपयोगी पडेल. ज्या घरात पट्टा कधी निघेल याचा नेम नसतो, त्या घरातलं मूल पावलांचा आवाज ओळखायला शिकतं. आज वडील कुठल्या मूडमध्ये आहेत हे दाराच्या कडीवरून कळायला लागतं. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा सतत चालू राहते आणि हळूहळू तीच तिची सवय होते. सासूबाई म्हणतात ना, लहानपणापासून दचकणारा? बरोबर आहे त्यांचं. पण तो स्वभाव घेऊन जन्मला होता, असा अर्थ त्यातून काढू नका. त्या घरात दचकणं हे शहाणपणाचं होतं. सासूबाईंना हे ऐकवायला जाऊ नका, एवढं मात्र सांगते. त्याही त्याच घरात होत्या, आणि त्यांच्या अंगावर काय गेलं हे तुम्हालाही पुरतं ठाऊक नसेल.

अठरा पूर्ण होताच भरती झाले, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथे थांबले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात असं दिसलं की १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाल्यानंतरच्या काळात सैन्यात गेलेल्या पुरुषांचं बालपण न गेलेल्यांपेक्षा जास्त खडतर होतं: घरात मारहाण, दारू, लैंगिक अत्याचार. सक्तीने भरती व्हायची त्या काळातल्या पुरुषांत हा फरक जवळपास नव्हता. सरळ आहे. आपखुशीने जाता येतं, तेव्हा घरातून सुटायला निघालेले काही जणही त्यात असतात. सगळेच तसे जातात असं अजिबात नाही, नाहीतर वर्दी घातलेल्या प्रत्येकाकडे आपण संशयाने बघू. पण पट्टा आणि कोंडणं सोडून आलेल्या मुलाला पलटण म्हणजे काय मिळालं असेल, विचार करा. नियम ठरलेले. चूक केली तर शिक्षा, नाही केली तर नाही. सतत सावध राहायची सवय, जी घरात शाप होती, ती इथे कामाची. वेळेवर जेवण, शेजारी विश्वासाचा माणूस. कित्येकांना तिथे आयुष्यात पहिल्यांदा सुरक्षित वाटतं, गोळीबारात असूनही. म्हणून नोकरीत असताना ते ठीक होते, आणि तो दिखावा नव्हता.

मग तो शेजारचा माणूस गेला.

इथून पुढचं मी अंदाजाने लिहिते आहे. त्यांच्या तोंडून आलेलं नाही, तेव्हा तुम्हीही हे सत्य धरून चालू नका. अकरा वर्षांच्या मुलासमोर भाऊ बुडाला आणि मोठ्यांनी सांगितलं, तुझ्यामुळे. त्या वयात मोठ्यांचं म्हणणं खोडून काढायची ताकद नसते. ते वाक्य आत जाऊन बसतं. वीस वर्षांनी जोडीदार शेजारी पडतो तेव्हा तेच वाक्य तयारच असतं: परत माझ्यादेखत, परत मी वाचवलं नाही. पाय गेलेल्या त्यांच्या मित्राने कदाचित तीच चकमक पाहिली असेल. पण हे वाक्य त्याच्या डोक्यात नसेल. एकाच ठिकाणी, एकाच मिनिटाला दोघांवर दोन वेगळ्या गोष्टी घडल्या असतील. (शिवाय त्या मित्राच्या रात्री कशा जातात हे कुणाला माहीत आहे? हसतखेळत असणं हे दिवसाचं झालं.)

तुम्ही न विचारलेला प्रश्न म्हणजे, आत्ताच का? दोन गोष्टी दिसतात. पहिली निवृत्ती. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास उतारवयातल्या माजी सैनिकांबद्दल लिहिलं. आयुष्यभर नीट राहिलेली, नोकरी-संसार केलेली ही माणसं, काम सुटल्यावर, आजारपण आल्यावर किंवा जवळचं कुणी गेल्यावर त्यांच्या मनात जुनी लढाई नव्याने वर येऊ लागते. दिवसभर कामात गुंतलेला माणूस आठवणींना आत येऊ देत नाही. रिकामा दिवस ते काम करत नाही.

दुसरी, सासरे वारले. लोकांना वाटतं, छळणारा गेला की सुटका होते. अनेकदा उलटं होतं. ज्याने मारलं, ज्याने भावाच्या मृत्यूचा दोष दिला, त्याने एक दिवस "तुझी चूक नव्हती" म्हणावं, ही आशा मुलगा पन्नाशीतही सोडत नाही. ती आशा त्या दिवशी संपली. त्यात दुःख आहे, राग आहे, आणि वडील गेले तरी रडू आलं नाही याची लाजही असू शकते. हे बोलायला घरात जागा कुठे असते? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा नियम सगळेच पाळतात.

तर, उकरून काढायचं का? तुम्ही नाही. ठामपणे सांगते, तुम्ही नाही. "मला सगळं कळलंय, मन मोकळं करा" असं एका रात्री बसवून विचारलंत, तर नणंद आणि तुम्ही मिळून त्यांच्यामागे बोलता एवढंच त्यांना कळेल. आणि एकदाच भडाभडा बोलून टाकल्याने हा आजार जातो, हाही गैरसमज आहे. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत एकेकाळी फार चालायची. पुढे तपासल्यावर तिने पीटीएसडी टळत नाही असं दिसलं, आणि काहींना तर तिचा त्रासच झाला. तुम्हाला तपशील कळण्याची गरज नाही. ते बरे झाले आणि तुम्हाला शेवटपर्यंत काहीच सांगितलं नाही, असंही होऊ शकतं. तशी तयारी ठेवा.

उकरायचं ते तज्ज्ञासमोर, पद्धतशीर, आणि त्यांच्या संमतीने. पीटीएसडीवर सर्वांत जास्त तपासलेले दोन उपचार आहेत. एकात माणूस ती घटना सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा सविस्तर सांगतो आणि टाळलेल्या जागांना, आवाजांना हळूहळू सामोरा जातो. साधारण आठ ते पंधरा बैठका. दुसऱ्यात घटनेमुळे मनात पक्की झालेली वाक्यं, "माझ्यामुळे झालं", "कुणावर विश्वास ठेवू नये" अशी, एकेक करून बाहेर काढून तपासतात. साधारण बारा बैठका. तिसराही एक आहे, डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारा, ज्याला ईएमडीआर म्हणतात. गंमत म्हणजे, आज जगभर सैनिकांसाठी वापरले जाणारे हे पहिले दोन उपचार सैनिकांसाठी जन्मलेच नव्हते. एडना फोआ आणि पॅट्रिशिया रीसिक या मानसशास्त्रज्ञांनी ते बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसोबत काम करताना घडवले. घटना कुठे घडली, अंगावर कुठले कपडे होते, याने या उपचारांना फरक पडत नाही. म्हणून उपचार लढाईच्या आठवणीवरच व्हायला हवा असा नियम नाही. आज सर्वांत जास्त छळणारी आठवण कुठली, तिथून सुरू करतात. ती चकमकीची असेल, पाण्याची असेल, नाहीतर कोंडलेल्या खोलीची.

खोटी आशा दाखवत नाही. २०१५ मध्ये सैनिकांवर झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. या पहिल्या दोन उपचारांनी ४९ ते ७० टक्के जणांना लक्षणीय फरक पडला. पण उपचार संपल्यावरही सुमारे दोन तृतीयांश जणांचं पीटीएसडीचं निदान कायम होतं. म्हणजे स्वप्नं आठवड्यातून पाचदा पडायची ती एकदा पडायला लागतात, मुलाशी बोलताना आवाज चढत नाही, पण आजार पुसला गेला असं सगळ्यांचं होत नाही. माझ्या मते तेवढा फरकही तुमच्या घरासाठी फार मोठा असेल. आणि जुना झाला म्हणून उपचार लागू पडत नाही, असं मानू नका. घटनेला कित्येक वर्षं उलटल्यावर उपचार घेणाऱ्या सैनिकांवरच यातल्या अनेक चाचण्या झाल्या आहेत.

गोळ्यांबद्दल. कुठल्या दिल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. झोपेसाठी आणि घबराटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटाच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं सैनिकांवरच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सवय लागते, मूळ आजार हलत नाही, आणि दारूसोबत त्या घातक ठरू शकतात. घरात दारू वाढली आहे, म्हणून हे आजच पाकिटावर वाचा आणि डॉक्टरांना फोन करून विचारा. पण रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात. पीटीएसडीसाठी परिणाम सिद्ध झालेली औषधं वेगळी आहेत: सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन. ती लागू पडायला काही आठवडे जातात. आणखी एक, ते घोरतात का? झोपेत श्वास अडकण्याचा आजार पीटीएसडी असलेल्या सैनिकांत बराच सापडतो, त्याने स्वप्नंही वाढतात आणि चिडचिडही. साध्या तपासणीत कळतं, आणि "डोक्याचा डॉक्टर" नको म्हणणारा माणूस घोरण्यासाठी जायला तयार होतो, हा माझा अनुभव आहे.

आता, डॉक्टरांना तुम्ही सांगू का? त्यांच्या मागे नको. जी गोष्ट त्यांनी तुम्हालाही सांगितलेली नाही, ती तिसऱ्याच्या तोंडून डॉक्टरांच्या टेबलावर आली, तर त्या खोलीत ते पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत. पण गप्प बसणं हाही उपाय नाही. मधला रस्ता असा. त्यांना शांत वेळी, दारू प्यायलेली नसताना, एवढंच सांगा: "मला तुमच्या लहानपणाबद्दल थोडं कळलं आहे. मी कुणाला बोलणार नाही आणि तुम्हालाही विचारणार नाही. पण डॉक्टरांनी फक्त लढाईचं विचारलं, ते अर्धंच झालं." मग विषय तुम्हीच बदला. उत्तराची वाट बघत बसू नका.

पुढच्या भेटीत त्यांना सगळी कहाणी सांगावी लागणार नाही, हेही त्यांना कळू द्या. तपासणीत एक यादी वापरतात. त्यात १७ ओळी असतात: पूर, आग, वाहनाचा अपघात, मारहाण, लढाई, कुणाचा अचानक मृत्यू, अशा. प्रत्येकापुढे खूण करायची, माझ्यावर घडलं, मी पाहिलं, किंवा लागू नाही. वर्णन करायचं नसतं. ज्याला दोन वाक्यांच्या वर बोलवत नाही, त्याला पेनाची खूण करवते. तेही नको असेल तर एकच वाक्य पुरे: "नोकरीच्या आधीचंही काही आहे, आत्ता सांगत नाही." जाणता तज्ज्ञ एवढ्यावर थांबतो आणि योग्य वेळी परत येतो. असं वाक्य ऐकून जो खोदायला लागेल किंवा जो ते कानाआड करेल, तो डॉक्टर बदला. आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण आहे का, वर सांगितलेल्यांपैकी कुठला उपचार करता, हे भेटीआधी फोनवर विचारायला लाजू नका. तुम्ही त्यांचा अपमान करत नाही.

ते "मला काय धाड भरली आहे" म्हणतील तेव्हा वाद घालू नका. पीटीएसडी शब्दही काढू नका. झोप धरा. "तुमची झोप होत नाही, माझीही होत नाही, तेवढं बघून येऊ." ताठ माणसाला आजार कबूल करण्यापेक्षा बायकोच्या झोपेसाठी जाणं सोपं जातं. जमल्यास पलटणीतलाच कुणी, जो स्वतः असा उपचार घेऊन आला आहे, त्याच्याशी गाठ घालून द्या. तुमचं-माझं शंभर वेळा ऐकणार नाहीत ते त्याचं एकदा ऐकतील.

रात्रीचं. झोपेत ओरडत असतील तर हात लावू नका, खांद्याला तर नाहीच. दिवा लावा, पलंगाच्या पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभ्या राहा, आणि एरवी हाक मारता तशीच मारा, सावकाश. मग कुठे आहेत ते सांगा: घरात आहात, मी आहे, मुलगा शेजारच्या खोलीत आहे. डोळे उघडले तरी लगेच जवळ जाऊ नका, ते तुमच्याकडे बघून बोलतील तेव्हा जा. वेगळ्या खोलीत झोपण्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला इजा होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःहून घेतलेला निर्णय आहे तो, आणि सध्या बरोबर आहे.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. कितीही असो, त्याला सांगायला हवं की बाबांना आवाजाचा त्रास होतो, तो आजार आहे, तुझं काही चुकलेलं नाही. अकरा वर्षांच्या एका मुलाला हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला माहीतच आहे. दार हळू लावणं, मागून न येणं, हे शिकवा. पण सगळं घर त्यांच्याभोवती चवड्यांवर चालायला लागलं तर तेही बरं नाही. त्याने आजाराचं राज्य वाढतं. पाहुणे बंद, बाहेर जाणं बंद, टीव्ही बंद, असं करत जाऊ नका. एखाद्या ठिकाणी नको म्हणाले तर तुम्ही दोघं जाऊन या.

आणि अंगावर धावून जाणं हे आजारामुळे असलं तरी चालवून घ्यायचं नाही. मुलावर किंवा तुमच्यावर जागेपणी हात उचलला, तर त्या रात्री घराबाहेर कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते सध्या घरात नको, त्यांच्याशी बोलून कायदेशीर जागी जमा करा. जगण्यात राम नाही, मी नसलो तर बरं, असं काही बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. "आत्महत्येचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे.

दारू सोडल्याशिवाय उपचार नाही असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नका, दोन्हीवर एकत्र काम करता येतं. फक्त रोज भरपूर घेत असतील तर एकदम बंद करणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, सुजलेलं मनगट सोडलं तर. लंडनमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पीटीएसडी कुणाला होतो यावरचे अभ्यास एकत्र करून चौदा घटक तपासले. आघाताच्या आधीच्या गोष्टींपेक्षा नंतरच्या गोष्टींचा संबंध जास्त घट्ट निघाला: माणसाला नंतर आधार मिळाला का, नंतर आयुष्याने आणखी किती दणके दिले. म्हणून तुमचं टिकून राहणं हा त्यांच्या उपचारातला भाग आहे. ते जायला तयार होईपर्यंत थांबू नका, एकदा तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा. तिथे मनगटाचं, मुलाच्या भीतीचं, तुमच्या रागाचं बोला. राग आहेच, पत्रात तो मला जागोजागी दिसला. आधी मात्र गोळ्यांचं पाकीट बघा आणि त्यावरचं नाव मला कळवा.